सेमाडोहचा आयता गजरा

अमेरिकेत लढाई जुंपली आणि तिची झळ आमच्या फुलमळ्याला लागली. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीभोवती जो तो झेंडू-शेवंती उपटून कापूस पेरू लागला. आमची कारभारीणही आधी नांगराकडं बघायची, मग माझ्या मोगऱ्याकडं.

"सारा गाव कापूस लावून राह्यला, अन् तुमी काहून फुलाइले पानी पाजून राह्यले?"

सेमाडोहच्या जंगलात आयता गुंफलेला गजरा झाडाला लटकतो, असं एका गाडीवानानं मला सांगितलं होतं. तो आपल्याकडं फुलवला तर लग्नसराईत सारा मुलूख दारात येईल, असा माझा हिशेब. शेवटी ठरलं : फूल आणायचं. पुढच्या वर्षीच्या मिरगापर्यंत ते आपल्या मळ्यात फुललं तर बाग राहील, नाही तर नांगर. माझ्यावर भरवसा नसल्यानं तीही गाडीत बसली.

तुम्ही जाणार असाल तर वैशाखात जा, पण पहाटेच बैल जुंपा. परतवाड्यापर्यंत रस्ता बरा आहे. फक्त समोरून कापसाच्या गाड्या येतात आणि कुणालाच वाट देत नाहीत. एका गाडीच्या चाकांना तर चांदीच्या पट्ट्या होत्या. कारभारीण मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मी आमच्या कुरकुरणाऱ्या चाकाला तेल घातलं.

घाटात बैल थकले, तेव्हा आम्हीच उतरून गाडी ढकलली. "फूल पाहाले चाललो का बैल पोचवाले?" तिनं विचारलं. मी चाकाला खांदा लावला.

सेमाडोहला पैशापेक्षा मीठ न्या. पदरभर मिठावर एक कोरकू म्हातारी आम्हाला सिपना नदीकाठी घेऊन गेली. तिथं जुन्या जांभळाच्या फांदीला चिकटून वाढलेल्या वेगळ्याच झुडपांना हातभर लांब घोस लोंबत होते. पांढरी-गुलाबी फुलं, दाट, जणू कुणी बसून ओवलेली. सात पिढ्यांचा माळी मी, पण फुलापुढं जोडे पहिल्यांदा काढले. कारभारीणही गप्प झाली, ही त्याहून मोठी गोष्ट.

म्हातारीनं त्या झुडपांच्या दोन जुड्या मुळांसह, जांभळाच्या सालीसकट काढून दिल्या. "मिट्टी नको देऊ. मरते. झाडाले बांध."

मला हसू आलं. माळ्याला म्हणे माती नको! आमच्या काळ्या मातीत काठी खोचली तरी पालवते. मोठी जुडी मी घेतली, मरतुकडी फेकून दिली आणि बैल जुंपायला गेलो. कारभारीण मात्र म्हातारीपाशी बराच वेळ बसून होती.

घरी येऊन मोगऱ्याशेजारी हातभर खड्डा खणला, जुनं शेणखत घातलं, जुडी लावली. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. श्रावणात ती कुजली. कबूल कसं करणार? नारळाच्या शेंडीसारख्या त्या बुडख्याला मी पुढं दहा महिने पाणी घालत राहिलो, आणि बायको ते रोज बघत राहिली.

मिरगाच्या आदल्या दिवशी ती बैल-नांगर घेऊन मळ्यात आली.

"हरलो मी," म्हटलं, "चालव." मला फार वाईट वाटत होतं. मोगऱ्याकडं पाठ करूनच उभा राहिलो.

"अजी, जरा वर तं पाहा."

बांधावरच्या आंब्यावर, दाट पानांआड, तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली ती मरतुकडी जुडी होती. तिला हातभर गजरा लटकत होता.

"म्हातारीनं सांगतलं तसं बांधलं. रोज पान्याचा शिपका मारला."

"अगं, मग शर्त तूच हरलीस!"

"हाव, हरली. मले बी तो फुललेला पाहाचा होता."

"मग वर्षभर सांगितलं का नाहीस?"

"तुमच्यापाशी सात पिढ्या होत्या. मी सांगतलं असतं तं तुमी आयकलं असतं का?"

नसतं ऐकलं. हे मी तिला सांगितलं नाही, इथं लिहितो आहे.

तिनं बैल वळवले आणि नांगर घरी नेला. मी खाली वाकलो आणि तो बुडखा उपटून टाकला.