फुकट तिकिटाची रसीद

साऱ्या ग्वाल्हेरात फुकट मिळालेल्या वस्तूची रसीद मागणारा एकच माणूस आहे, आणि तो खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात अगदी आमच्या समोर राहतो. चौतीस वर्षं कोषालयात बाबूगिरी केलेले हे आमचे समोरचे काका. गणपतीत मंडळाचा प्रसाद हातावर पडला तरी आधी मोदकाकडे बघतात, मग वाढणाऱ्याकडे, आणि विचारतात, "हे कुठल्या खात्यातून?" भाजीवालीने मूठभर कोथिंबीर वर घातली तर ती परत पिशवीतून काढून तिच्यापुढे धरतात. "ही फुकट, की मटारमध्ये लावलीस?" ती बिचारी म्हणते, "बाबूजी, आप तो भगवान से भी बिल माँगोगे." काका म्हणतात, "माँगूँगा."

मला ते नावाने हाक मारत नाहीत. "ए बी.कॉम.!" अशी खिडकीतून आरोळी येते आणि अर्ध्या गल्लीला कळतं की माझ्याकडे काम आहे. माझे बाबा मुरारच्या रस्त्यावर टेंपो चालवायचे. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. त्यामुळे ही हाक मला नावापेक्षा गोड लागते.

त्या बी.कॉम.मध्ये काकांचाही हात आहे. मुलींना फी माफ, एवढं ऐकून बाबा मला घेऊन कॉलेजच्या खिडकीवर गेले होते. आतल्या बाबूने शिकवणीपुढे मोठं शून्य काढलं आणि त्याखाली परीक्षा शुल्क, ओळखपत्र, वाचनालय, खेळ, विकास अशी उतरंड रचली. बाबा पैसे न भरताच घरी आले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा बुशशर्ट घालून काका आमच्याबरोबर निघाले आणि त्यांनी ती खिडकी तासभर अडवून धरली. "ही पोर काडीसारखी, ही काय खेळणार? खेळ शुल्क काढा." मागून पोरं ओरडत होती, आतून बाबू हात जोडत होता, "अंकल जी, लाइन मत रोकिए, सबको लगता है." शेवटी बाबांनी सगळं भरलं. बाहेर पडल्यावर काकांनी रसीद माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "फी माफ म्हणजे शिकवणी माफ. बाकीचं भरावं लागतं. पण भरलंय ना, आता वसूल कर. खेळाचे भरलेत, तर खेळ." मी तीन वर्षं बॅडमिंटन खेळले. एकही सामना जिंकले नाही, पण एकही दिवस चुकवला नाही, कारण संध्याकाळी खिडकीतून प्रश्न यायचाच, "ए बी.कॉम., खेळलीस का?"

असा हा माणूस गेली नऊ वर्षं एका फुकट तिकिटामागे होता. त्यांची ताई, म्हणजे एकुलती एक थोरली बहीण, मुलाबरोबर लंडनला गेली. गुडघे कामातून गेले, तेव्हा तिचं परत येणं संपलं. काकांना मूलबाळ नाही, काकू जाऊन बरीच वर्षं झाली. दर भाऊबीजेला ताई फोनमध्येच त्यांना ओवाळायची. एकदा तिने निरांजन इतकं जवळ आणलं की भाचा मागून ओरडला, "आई, फोन जळेल!" त्याच दिवशी काकांनी ठरवलं, जायचं. पण पेन्शनीतून विमानाचं तिकीट काढणं त्यांच्या कुंडलीत नव्हतं. मग बँकेतल्या कुणी तरी सांगितलं की क्रेडिट कार्डावर खरेदी केली की पॉइंट मिळतात आणि पुरेसे साठले की तिकीट फुकट.

आता दोन बुशशर्टांत वर्ष काढणारा माणूस खरेदी करून करून किती करणार? म्हणून काकांनी गल्लीची खरेदी आपल्या कार्डावर घ्यायला सुरुवात केली. कुणाकडे लग्न ठरलं की लोक मुलगा काय करतो ते विचारतात, काका विचारायचे, "दागिने कुठून घेणार?" मग ठरल्या दिवशी सराफ्यात पाहुण्यांच्या आधी हजर. कार्ड ते घासणार, रोख लोक त्यांना देणार आणि दुसऱ्या दिवशी ती रोख कार्डाच्या बिलात भरायला बँक उघडायच्या आत काका पायरीवर बसलेले. आमच्या घरी एक शाळेचा नकाशा पडला होता, तो त्यांनी नेऊन भिंतीला लावला आणि स्वतःचं प्रमाण काढलं: इतके पॉइंट म्हणजे नकाशावर एक बोट. शेजारच्यांच्या कूलरने ते काबूलला पोचले. माझ्या बहिणीच्या मंगळसूत्राने अख्खा इराण ओलांडला. आमच्या आईने फ्रिज घेतला तेव्हा पेढे घेऊन आले. "वहिनी, तुमच्यामुळे इस्तंबूल दिसायला लागलं हो!" आईला इस्तंबूल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण तिने पेढा देवापुढे ठेवला.

यंदा श्रावणात बोट लंडनला टेकलं. आणि त्याच सुमारास भाच्याचा फोन आला की ताईच्या डोळ्यांचा पडदा सुकत चाललाय. फोनमधला चेहरा तिला आता दिसत नाही. समोर, अगदी जवळ बसलेल्या माणसाचा अजून दिसतो. तोही किती दिवस, डॉक्टर सांगत नाहीत.

"ए बी.कॉम.!" मी ऑफिसची पिशवी न ठेवताच धावले. काकांनी व्हिसाचा कागद, पासपोर्ट, सगळं टेबलावर मांडलं होतं. मी तिकीट शोधलं. भाऊबीजेच्या तीन दिवस आधीच्या विमानात पॉइंटवाल्या दोन जागा होत्या. भाड्यापुढे शून्य होतं, आणि शून्याखाली उतरंड. रुपयांत.

काका चष्मा पुसून पडद्याजवळ गेले, मग त्यांनी थेट कंपनीलाच फोन लावला. पलीकडची मुलगी समजावत होती, "सर, पॉइंट्स सिर्फ़ किराए के हैं. टैक्स और शुल्क अलग से लगेगा."

"बेटी, मुफ़्त का मतलब क्या होता है?"

"सर, किराया मुफ़्त है."

"और किराए के अलावा हवाई जहाज़ में होता क्या है?"

तिने बराच वेळ संगीत ऐकवलं.

मग मी एकेक ओळ फोडून सांगितली. विमानतळाचं शुल्क काकांना पटलं. सरकारी करावर तर त्यांनी मान डोलावली. "ते द्यायचंच. त्याचंच मीठ खाल्लंय." पण इंधनाचा अधिभार आला आणि ते खुर्चीतून उठले. हा सरकार घेत नाही, कंपनी स्वतः लावते, असं मी सांगून बसले होते. "म्हणजे टांगेवाल्याने घोड्याच्या चाऱ्याचे वेगळे मागावे!"

"काका, टांग्यात बिनभाड्याचे बसलात ना तुम्ही? मग चारा तरी घाला."

"बी.कॉम. झालीस म्हणून काहीही बोलशील का?"

पण रागावले नाहीत. मी दोन संध्याकाळी खपून दुसरं विमान काढलं. तेवढ्याच पॉइंटांत, अधिभार जवळजवळ नाही, जागा इथेही दोनच, आणि मध्ये आठ तास थांबायचं. जातानाचा आकडा तर किरकोळ निघाला. येतानाचा मात्र भला मोठा, कारण लंडनहून उडणाऱ्या माणसावर तिथलं सरकार निघण्याचा कर लावतं. काकांचं घोडं तिथे अडलं. "जायला स्वस्त आणि घरी यायला महाग? हे उलटं आहे. आधी मला टपालाने तपशीलवार रसीद पाठवायला सांग, मग भरू." मी म्हटलं, जागा थांबत नाहीत. ते म्हणाले, नियम तो नियम. रात्रीतून दोनांपैकी एक जागा गेली. भाच्याच्या फोनवर ताईने विचारलं, "बाळ, येतोस ना रे?" आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा हा बाळ म्हणाला, "कागद यायचेत, ताई."

मला चीड आली, खरं सांगते. घरी जाऊन ट्रंक उघडली आणि कॉलेजची ती पहिली रसीद काढली. शिकवणीपुढे शून्य, खाली उतरंड. ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

काकांनी सवयीने बेरीज तपासली. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"खेळलीस ना?"

"तीन वर्षं, काका."

"रोज?"

"तुम्हीच विचारायचात ना रोज."

त्यांनी रसीद घडी करून माझ्या हातात परत दिली. "मग भर," म्हणाले. "येण्याचंही भर."

काका लंडनला गेले. मोसमातली पहिली तिळाची गजक, पैठणी आणि छापलेलं तिकीट तीन प्रतींत घेऊन गेले. मधल्या विमानतळावर त्यांनी सगळ्या खुर्च्यांवर बसून पाहिलं, प्रत्येक नळाचं पाणी प्यायलं आणि मला निरोप धाडला, "शुल्क वसूल करून राहिलो आहे."

दीड महिन्याने मी त्यांना स्टेशनावर आणायला गेले. लंडन कसं आहे, हे त्यांनी सांगितलंच नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, "ताईने आधी हात फिरवून चेहरा पाहिला. मग डोळ्यांनी. कुंकू भुवईवर लागलं गं. मी पुसलं नाही." रिक्षा बाजाराकडे वळली तेव्हा पुन्हा बोलले, "तो निघण्याचा कर. मी उगाच भांडलो. ताई ग्वाल्हेरहून गेली तेव्हा आपल्याकडे कुणी काही लावलं नाही. अशीच गेली, फुकट. तिथल्या लोकांना कळतं, जाण्याचं काही तरी लागतं."

मी त्यांची बॅग धरून बसले होते. गल्ली आली. उतरताना त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "बी.कॉम., तुमच्या त्या फ्रिजला किती वर्षं झाली?"

दुसऱ्या दिवशी पाहिलं, काका नकाशापुढे उभे होते आणि त्यांचं बोट पुन्हा ग्वाल्हेरवर आलं होतं. तिथून लंडनला पोचायला त्यांना नऊ वर्षं लागली होती. ताई ब्याऐंशीची आहे.

आमचा फ्रिज उत्तम चालतो. गेल्या रविवारी आम्ही नवा घेतला.