साधीच गाठ

सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्या छातीतली गाठ चाचपली आणि फोटो उजेडात धरले. मग म्हणाले, "दिसतेय कॅन्सरसारखी. काढून तपासू."

गाठ काढली. रिपोर्ट आल्यावर तेच डॉक्टर हसले. "साधीच गाठ आहे. क्वचित कुणाला होते, पण सोंग हुबेहूब कॅन्सरचं घेते. आम्हीही फसतो. खात्रीसाठी पुण्यालाही दाखवू."

साधी, तर मग पुण्याला कशाला? माझ्या मनात पाल चुकचुकली. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, कॅन्सर होता; त्यांनाही आम्ही सगळ्यांनी मिळून शेवटपर्यंत 'साधीच गाठ हाय' असंच सांगितलं होतं. आमच्यात आजारी माणसाला खरं सांगायची रीतच नाही.

तासगावला घरी आल्यावर तर संशय वाढतच गेला. साखरेचा डबा कुठे असतो हे ज्यांना ठाऊक नाही, ते आमचे हे रोज चहा करून देऊ लागले. फौजेतला भाऊ अचानक रजा काढून आला. आणि कळस म्हणजे जाऊबाई शिरा घेऊन आल्या. बेदाण्याच्या शेडच्या वाटणीवरून भांडण झाल्यापासून त्या माझं तोंडही बघत नव्हत्या. आता उशाशी बसून म्हणाल्या, "खा गं बाई. लय वाळलीस." जाऊबाईंची जीभ तिखट, पण खोटं वागणं त्यांना बापजन्मी जमलेलं नाही. त्यांना माझी कीव येत होती. मी शिरा खाल्ला आणि त्या गेल्यावर खूप रडले.

पुण्याचा रिपोर्ट आला. हे आधी आपल्या भावाच्या, म्हणजे जाऊबाईंच्या घरी सांगून आले, मग मला म्हणाले, "साधीच हाय म्हणत्यात."

"आत्याबाईंनाबी तुमी असंच म्हणाला हुता."

ते उठून चहा ठेवायला गेले. माझी उरलीसुरली आशाही गेली.

सकाळी उठून शेडवर गेले, म्हटलं एकदा डोळे भरून बघून घ्यावी. जाऊबाई जाळीवरचे बेदाणे हलवत होत्या. मला बघितलं आणि पाठ फिरवली. कामाच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आली बया. झाली न्हवं बरी? आता पुन्यांदा शेडवर हक्क सांगंल."

मी तिथेच पोत्यावर बसले. इतका आनंद मला दोन्ही रिपोर्टांनी झाला नव्हता.

"सांगणारच," मी म्हटलं. "निम्मी शेड माझी हाय."