वास गेला आता

टाळ्या माझ्यासाठी वाजल्या होत्या. तिथूनच सुरुवात करते.

रविवारी सकाळी डोंबिवलीत एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. 'विज्ञान आणि साहित्य : लेखकाशी गप्पा'. मी तिसऱ्या रांगेत बसलेले, इस्त्रीची साडी नेसून. लेखकांनी नव्या कादंबरीतला उतारा वाचला. केमिकल कंपनीतला कामगार टाकी साफ करायला उतरतो आणि गॅसने मरतो, तो. "वास वाढत गेला. आधी ओंजळभर, मग घरभर, मग आभाळभर. तान्हं मूल आईच्या कुशीत शिरावं, तसा तो त्या वासात शिरत गेला." मग कुणीतरी "वा" म्हणालं.

प्रश्न सुरू झाले. मी हात वर केला. माइक आला.

"सर, वास वाढत नाही. जातो. मी तुम्हाला सांगितलेलं."

लोक वळून बघायला लागले. मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "प्रश्न विचारा हं. मतं नकोत. वेळ कमी आहे."

लेखक हसले. "अहो, विज्ञान जिथे थांबतं, तिथे साहित्य सुरू होतं." टाळ्या. मग ते माझ्याशी नाही, हॉलशी बोलले. "या ताई एका कंपनीच्या लॅबमध्ये बाटल्या धुतात. तरीही वाचतात. कौतुक केलं पाहिजे."

परत टाळ्या. या माझ्या. हातातला माइक कधी काढून घेतला कळलंच नाही. मी बसले. आणि खोटं कशाला बोलू, त्या टाळ्यांना मी मानसुद्धा हलवली. त्याची लाज अजून गेलेली नाही.

बाटल्या धुते, हे खरंय. बारावी सायन्स केलेलं, सेकंड क्लास. पुढे शिकायचं होतं, जमलं नाही. मानपाड्याच्या बाजूला रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये लागले. आधी बाटल्या धुवायच्या. मग हळूहळू सगळ्या टेस्ट मीच करायला लागले. खाली सही केमिस्टची.

माझा मोठा भाऊ, दादा, त्याच कंपनीत ठेकेदाराकडे होता. कंपनीच्या घाण पाण्याची टाकी साफ करायची म्हटली की ठेकेदार आमच्याच गल्लीत यायचा. समोरच्या सोसायटीतपण दोन पोरं बेकार होती. त्यांच्या दारात तो कधी गेला नाही. का ते मी लिहीत बसत नाही, तुम्हाला माहितीय.

सात वर्षं झाली. दुपारी जेवणानंतर मी त्या टाकीच्या पाण्याचं सॅम्पल घ्यायला गेलेले. दादा आत उतरलेला. सडक्या अंड्यासारखा वास होता. नाकाला ओढणी लावून मी वरून वाकले.

"दादा, वास लय येत असेल ना रे?"

तो खालून बोलला, "मगाशी येत होता. गेला आता."

मी म्हटलं, बरं झालं. सॅम्पलची बाटली घेतली आणि लॅबमध्ये परत आले. बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होते तेव्हा आरडाओरडा ऐकू आला.

लॅबच्या कपाटात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. दादाचे दिवस झाल्यावर मी ते डिक्शनरी घेऊन वाचलं. हा गॅस थोडा असला की नाकाला झोंबतो. खूप झाला की नाकच मारून टाकतो. वास यायचा बंद होतो. माणसाला वाटतं, सुटलो. म्हणजे दादा "गेला आता" बोलला, तेव्हा त्याला मिनिटंच उरली होती. आणि वर उभ्या मला वास येतच होता. मला येतोय आणि त्याला येत नाही, एवढं कळायला काय डिग्री लागते?

कंपनीतले साहेब दादाच्या बायकोला, माझ्या वहिनीला, घरी येऊन बोलले, "नाक शाबूत होतं ना त्याचं? वास आला असता तर वर आला नसता का? प्यायलेला असणार." वहिनी गप्प बसली. मीपण मूग गिळून बसले. दादा पीत नव्हता. पण तो काय बोलला हे सांगायचं, तर मी वर उभी होते हेपण सांगावं लागणार. माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून मी रोज सकाळी वास घेऊन बघते. चहापत्तीचा, साबणाचा, स्टोव्हच्या रॉकेलचा. आला की जीव भांड्यात पडतो. सर्दी झाली आणि नाक बंद पडलं की मी घरात थांबत नाही, बाहेर ओट्यावर जाऊन बसते. शेजारणी हसतात. हसू देत. बंद नाकाने आत बसलं की दादाचा आवाज येतो, खालून, टाकीतून आल्यासारखा. गेला आता.

लेखक माझ्या आयुष्यात आले ते मी वाचते म्हणून. लायब्ररीच्या एका कार्यक्रमात मी त्यांना म्हटलं, मी केमिकल कंपनीत आहे. त्यांचे डोळे चमकले. घरी आले. दोन कप चहा प्यायले, पोहे मागून घेतले, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. माणूस एवढा गोड बोलत होता की इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. सगळं. "गेला आता"पण. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. त्यांनी माझा हात हातात घेतला. "ताई, हे साहित्यात यायलाच हवं," बोलले.

आलं. उलटं होऊन आलं.

हॉलमधून येताना मी ती कादंबरी घेऊन आले आणि घरात लपवून ठेवायला पाहिजे होती, ती टेबलावर ठेवली. वहिनी सातवी शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून वाचते. तिने तेच पान वाचलं. चार दिवसांनी मला बोलली, "म्हणजे त्यांना कळलेलं. वास वाढत होता तरी आतच थांबले. साहेब बोलले ते खरंच होतं म्हणायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीचं खोटं सात वर्षं आमच्या घरात नुसतं पडून होतं. आता ते चांगल्या मराठीत छापून आलं होतं.

त्याच आठवड्यात लेखकांचा फोन आला. घोडबंदर रोडला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये तसाच कार्यक्रम आहे. "त्या दिवशी तुम्ही दुखावलात, मला वाईट वाटलं. या वेळी तुम्ही स्टेजवर माझ्या शेजारी बसा. शाल, श्रीफळ देऊन सत्कार करू. फक्त तो वासाचा मुद्दा तिथे नको."

मी म्हटलं, "सर, रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? दादा काय बोलला ते परत ऐका."

"अहो, कादंबरीतला तो तुमचा भाऊ नाहीच मुळी. ते एक पात्र आहे."

"मग शाल मला कशाला?"

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा मोठ्या माणसाचा फोन आधी ठेवला. या वेळी मान हलवली नाही.

मग वहिनीकडे गेले. ती मेथी निवडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, गॅसचं, पुस्तकाचं, दादाचं बोलणं. तिने मान वर केली नाही.

"तू वर होतीस?"

"होते."

"तुला वास येत होता?"

"येत होता."

ती मेथी तशीच टाकून आत गेली. त्याला महिना झाला. माझ्याशी बोलत नाही. मी माफी मागितली नाही, कारण तिने ती का द्यावी? फक्त काल दारातून जाताना थांबली आणि बोलली, "त्या लोकांसमोर सांग. मी येते ऐकायला."

टाकीच्या भिंतीवर मी कोळशाने लिहिलंय, 'वास गेला की लगेच वर या.' दोनदा चुना मारला कंपनीवाल्यांनी, दोनदा परत लिहिलं. नोकरी जाईल. जाऊ दे.

उद्या घोडबंदर रोडचा कार्यक्रम आहे. ते तो उतारा वाचतील. लोक "वा" म्हणतील. मग मी उभी राहीन. माइक देणार नाहीत, नको मला. आमच्या गल्लीतल्या नळावर पाण्यासाठी ओरडून ओरडून माझा आवाज चांगला मोठा झालाय. मी सांगणार आहे : वास वाढत नाही, जातो. माझा भाऊ प्यायलेला नव्हता. तो "गेला आता" बोलला, मी ते ऐकलं, आणि बाटली घेऊन निघून गेले. यातला एक शब्दही कुणी बदलायचा नाही. आणि कुणी टाळ्या वाजवल्या, तर मी त्या थांबेपर्यंत उभी राहीन आणि पहिल्यापासून परत सांगेन.