मुक्तावरची सगळी माती

माझ्या मुलीच्या होऊ घातलेल्या सासूबाईंनी आमच्याकडे माती मागितली आणि मी त्यांना तीन मडकी भरून दिली. घडलं ते एवढंच. बाकी जे काही झालं, त्याला मी नाही, इंग्रजी भाषा जबाबदार आहे.

सासूबाई अमेरिकन. नाव कॅरोल. तिकडे शाळेत नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांचा मुलगा बेन इथे पुण्यात आमच्या मुक्ताच्याच कंपनीत आहे आणि मराठी झकास बोलतो. (शिकला रिक्षावाल्यांकडून. त्यामुळे मलाही कधीकधी "बोला काका, कुठं सोडू?" असं विचारतो.) लग्न दोघांनी ठरवून टाकलं होतं, पण कॅरोलबाईंच्या मनात धाकधूक होती. एकुलता एक मुलगा सातासमुद्रापार कुठल्या माणसांत जाऊन पडतोय, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. म्हणून त्या आमचं घर बघायला येणार होत्या. मुक्ताने मला आधीच बाजूला घेतलं.

"बाबा, त्यांना वाटतं मी शांत, व्यवस्थित, शहाणी मुलगी आहे. प्लीज, तेवढं टिकू द्या."

"बरं. मग मी काय करू?"

"काहीच करू नका. आणि इंग्रजी बोलू नका."

हे मात्र मला लागलं! खडकीच्या कारखान्यात भांडार विभागात मी आयुष्य काढलं. साहेबांच्या पत्रांतली स्पेलिंगं मी सुधारायचो. (साहेब ती पुन्हा होती तशी करायचे, तो भाग वेगळा.) घरात इंग्रजीचा शेवटचा शब्द माझा असतो. सुनंदाच्या, म्हणजे बायकोच्या मते तो चुकीचाही असतो, पण शेवटचा असतो.

तर एका रविवारी बेन घरी आला होता आणि त्याच्या फोनवर आईचा व्हिडिओ कॉल आला. "काका, आई आहे, बोला," म्हणून त्याने फोन माझ्या हातात दिला आणि तो आणि मुक्ता आइस्क्रीम आणायला खाली गेले. मी शर्टाचं वरचं बटण लावलं. हवापाणी झालं. आणि मग कॅरोलबाई एकदम हसून म्हणाल्या, "व्हेन आय कम, आय वॉन्ट ऑल द डर्ट ऑन मुक्ता!"

त्यांनी एक डोळाही मिचकावला. मला वाटलं, नेटवर्क अडकलं.

"शुअर, मॅडम," मी म्हणालो. "हाऊ मच?"

"एव्हरीथिंग यू हॅव गॉट!" असेल नसेल तेवढं सगळं!

फोन ठेवला आणि मी थेट शब्दकोश काढला. हा माझा शब्दकोश एवढा जाड आहे की त्यावर उभी राहून सुनंदा माळ्यावरचे डबे काढते. डर्ट या शब्दाखाली अर्थ होते भरपूर, पण पहिल्यालाच माझे डोळे चमकले आणि मी तिथेच थांबलो.

"सुनंदा! मुक्ताच्या सासूबाई माती मागतायत."

"डर्ट म्हणजे घाण ना हो?"

"अगं, घाण हा आपला पाचवीच्या पुस्तकातला अर्थ. अमेरिकेत डर्ट म्हणजे माती. डर्ट रोड म्हणजे मातीचा रस्ता. डर्ट चीप म्हणजे मातीमोल. सूनबाई ज्या मातीत वाढली ती माती त्या बाईला हवी आहे! एवढ्या लांबून येऊन काय मागतेय बघ! सोनं नाही, नाणं नाही, माती!"

सुनंदाने पदर डोळ्यांना लावला. "किती संस्कारी बाई हो! आणि आपण उगाच घाबरत होतो."

प्रश्न एकच उरला, तो 'ऑन मुक्ता'चा. मुक्ताची माती नाही, मुक्तावरची माती. पण भाषेची जाण असलेल्या माणसाला त्यात अवघड काय? जी माती मुक्ताच्या अंगाला लागली, ती! म्हणजे जिथे जिथे पोरगी मातीत लोळली, तिथली तिथली. आणि ऑल म्हणजे सगळी. मुक्ताला मात्र सांगायचं नाही, सरप्राइज द्यायचं, असं आमचं ठरलं. (पुढच्या आयुष्यात मी कुणालाही सरप्राइज देणार नाही, असंही नंतर माझ्या वतीने ठरलं.)

पहिला मान मांजरी गावचा. तिथे सुनंदाचं माहेर, सगळ्या सुट्या मुक्ताने मामाच्या उसात काढलेल्या. तिचा मामा, आमचा नाना, दुसऱ्याच दिवशी गाडीच्या डिकीत पोतं घालून हजर. "दाजी, एक नंबर काळी माती हाय. कमी पडली तर सांगा, ट्रॉली लावतो." दुसरी माती खडकीची. आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये आता जे कुटुंब राहतं, त्यांची परवानगी काढून मी अंगणात खुरपं चालवलं. घरातल्या बाई खिडकीतून सारख्या बघत होत्या. मी काहीतरी पुरून ठेवलंय असा त्यांना संशय असावा.

तिसरी खडकवासल्याची. धरणाच्या कडेला पिशवीत चिखल भरत असताना कणसं भाजणाऱ्या बाईने विचारलं, "काका, एवढी माती कुणाला हो?"

"मुलीच्या सासूला द्यायचीय."

बाईच्या हातातलं कणीस विस्तवात पडलं. "अरेरे! कधी गेल्या?"

"गेल्या नाहीत. शुक्रवारी येणार आहेत."

त्या बाईने मला एक कणीस फुकट दिलं आणि स्कूटर सावकाश चालवायला सांगितलं.

शुक्रवार उजाडला. तिन्ही मडकी गेरूने रंगवून, वर हळदकुंकू वाहून, सोफ्यासमोर ओळीने मांडलेली. मुक्ता आणि बेन कॅरोलबाईंना घेऊन आत आले आणि मडकी बघून मुक्ताने माझ्याकडे बघितलं. मी "सरप्राइज" एवढंच पुटपुटलो. नाना नवा शर्ट घालून मडक्यांच्या पलीकडे पहारेकऱ्यासारखा बसला होता. चहा झाला, पोहे झाले, कॅरोलबाई खुलल्या आणि हात चोळत म्हणाल्या, "सो! व्हेअर इज माय डर्ट?"

"हिअर, मॅडम!" मी उभा राहून दोन्ही हात पसरले. "ऑल द डर्ट ऑन मुक्ता!"

तेवढ्यात सुनंदाने पहिल्या मडक्यात बोट बुडवून बाईंच्या कपाळावर मातीचा ठसठशीत टिळा लावलाही. बाई गोड हसल्या. न समजलेल्या माणसाचं हसू जगभर सारखंच असतं.

मुक्ता माझ्या कानाशी आली. "बाबा! डर्ट म्हणजे कुलंगडी! माझ्या खोड्या, माझी गुपितं. चेष्टेत विचारत होत्या त्या!"

त्याक्षणी शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मला वाटलं, विद्वत्ता कधी नाही तर आता कामाला यायची. आदल्या रात्री मी शब्दकोश पुन्हा चाळला होता आणि शब्दाची व्युत्पत्तीही वाचली होती. (चौथा अर्थ वाचायचा सोडून!) मी घसा खाकरला आणि माझ्या इंग्रजीत समजावून सांगितलं की, मॅडम, डर्ट हा शब्द फार पुरातन आहे, उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या जुन्या भाषेतून तो इंग्रजीत आला, आणि मूळ अर्थाने बघायला गेलं तर डर्ट म्हणजे विष्ठा.

हे बोलताना माझं बोट मडक्याकडे होतं.

कॅरोलबाईंचा हात कपाळाकडे निघाला तो अर्ध्या वाटेवर थांबला.

"काय म्हन्ले दाजी?" नानाने विचारलं. बेनने त्याला सांगितलं. नाना खूश झाला. "बरोबर हाय की! शेणखत घातलंय म्या त्यात. चांगलं कुजल्यालं हाय, वास न्हाय यायचा."

बेनने प्रामाणिकपणे तेही आईला सांगितलं. वर स्वतःची भर घातली, "गाईचं आहे."

मी मुक्ताकडे बघितलं. लहानपणी पडली की रडायच्या आधी जसा खालचा ओठ दाताखाली धरायची, तसा धरला होता तिने. एवढी मोठी झाली, माझ्याकडे मागून मागून एकच गोष्ट मागितली आणि मला ती जमली नाही. त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी उरलेलं आयुष्य मुक्याने काढायला तयार होतो.

कॅरोलबाईंनी सावकाश विचारलं, "पण तीन का?"

बेनने प्रश्न मराठीत केला आणि सुनंदाला वाचा फुटली. "हे मधलं ना, खडकीचं. इथे मुक्ताने ह्यांचे नवे बूट पुरले होते. शाळेत पालकांची मीटिंग होती आणि हे बाईंशी इंग्रजी बोलायचे. बूट नसले तर जाणार नाहीत असं वाटलं तिला."

"मग?" बेनने विचारलं.

"हे चपला घालून गेले."

बेनने आईला सांगितलं. कॅरोलबाईंच्या ओठांचा कोपरा हलला.

"आई, बास!" मुक्ता म्हणाली, पण सुनंदाचा बांध फुटला होता. "आणि हे खडकवासल्याचं. जादा लेक्चर आहे सांगून कॉलेजातून तिकडे गेली आणि चिखलात अशी पडली की दारात उभी राहिली तेव्हा मी ओळखलंच नाही. मी म्हटलं, पुढे जा बाई, आत्ता जेवणं चाललीयत! तर म्हणे, आई, मी आहे. लॅबमध्ये पाइप फुटला."

आता कॅरोलबाई हसत होत्या. हसता हसता त्यांनी खुर्ची मडक्यांजवळ ओढली. त्यांना एकदम उमगलं होतं, की ह्या घरात गुपितं मडक्यांत भरून, वर हळदकुंकू वाहून देतात!

"आता माझं," नाना पुढे सरकला. "ही पोर मांजरीला आली की माती खायची. बांधावर बसून, मूठ मूठ. आम्ही हाताला मिरची लावली, तर मिरचीसकट खाल्ली!"

हे ऐकून कॅरोलबाई इतक्या हसल्या की डोळ्यांतलं पाणी पुसताना टिळा फिसकटून गालापर्यंत आला. मग उठून त्यांनी मुक्ताला घट्ट मिठी मारली. "ह्या मुलीची मला भीती वाटत होती," त्या बेनला म्हणाल्या. "फारच शहाणी वाटायची. आता वाटत नाही." मुक्ता रडली. सुनंदा रडली. नानाने मडक्यातली हळद नीट केली.

इथे थांबलं असतं तर सगळंच गोड झालं असतं. पण कॅरोलबाईंना नर्स म्हणून एक शंका आली. माती खायची ही सवय मुलीला कुणाकडून आली?

बेनने विचारलं आणि सुनंदाने माझ्याकडे न बघता शांतपणे उत्तर दिलं, "वडिलांकडून. ते अजून खातात. आत्ताच नाही का खाल्ली?"

बेनचं मराठी झकास आहे, पण वाक्प्रचारांपर्यंत रिक्षा पोचलेली नव्हती. त्याने शब्दाला शब्द ठेवून आईला सांगितलं. बाई गंभीर झाल्या. त्यांनी माझ्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं बघितली आणि मान हलवली.

लग्न थाटात झालं. तिन्ही मडक्यांतली माती आता बेन-मुक्ताच्या गॅलरीतल्या कुंड्यांत आहे आणि तिच्यात टोमॅटो लागलेत. आणि दर काही महिन्यांनी अमेरिकेहून माझ्या नावाने एक पार्सल येतं. आत लोहाच्या गोळ्या असतात आणि कॅरोलबाईंच्या हातची चिठ्ठी, 'हिंमत धरा. ही सवय सुटते.'

मी रोज सकाळी निमूटपणे एक गोळी घेतो. मी खरंच माती खात नाही, हे त्यांना समजावून सांगता येईल, पण त्यासाठी पुन्हा इंग्रजी बोलावं लागेल.