मार्करचा हात

तरुणपणी मी एका पूल-बिलियर्ड खेळणाऱ्याबरोबर गावोगाव पैजा लावत फिरलो, हे कॅनडातल्या ग्वेल्फच्या आमच्या मराठी मंडळात एकदा माझ्या तोंडून निसटलं. तेव्हापासून प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, कोणीतरी "तो किस्सा सांगा ना" म्हणून मागे लागतं. किस्सा म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मी त्यांना मॉन्ट्रियलपर्यंतचा भाग सांगतो, ते हसतात, आणि मी ताट घेऊन बाजूला होतो. पुढचा भाग मी कोणाला सांगितलेला नाही. ज्यांचा तो आहे ते आता राहिले नाहीत, म्हणून लिहितो.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि एका इटालियन म्हातारीच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. शेजारच्या खोलीत अलिबागकडचे एक ज्यू गृहस्थ राहायला आले. पन्नाशीला टेकलेले, माझ्याच कारखान्यात सफाईच्या कामाला. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला इंजिनियरसाहेब. मुंबईच्या एका बड्या क्लबात त्यांनी वीस वर्षं मार्कर म्हणून काढली होती. मार्कर म्हणजे बिलियर्ड-रूममध्ये गुण पुकारणारा, पडलेले बॉल काढून परत जागेवर ठेवणारा, आणि एखाद्या मेंबरला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळणारा नोकर.

त्यांची बायको आणि मुलगी भायखळ्याला होत्या. त्या वसंतात कारखान्याने माणसं कमी केली, त्यात काकांची नोकरी गेली. नोकरी नसलेल्या माणसाला कुटुंब बोलवायचं असेल तर बँकेत भक्कम शिल्लक दाखवा, असं इमिग्रेशनच्या माणसाने त्यांना सांगितलं. त्यात ऑक्टोबरमध्ये मुलीला एकवीस वर्षं पूर्ण होत होती. त्यानंतर ती वडिलांच्या अर्जावर येऊ शकणार नव्हती, आणि बिनलग्नाच्या मुलीला एकटी मागे टाकून आई येणार नाही, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. ऑक्टोबरच्या आत पैसे, नाहीतर दोघीही नाहीत. इतका सरळ हिशेब होता.

पैजांची कल्पना माझी. काकांच्या डोक्यात असलं काही आलं नसतं. नोकरी गेली त्या आठवड्यात त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना गावातल्या पूल हॉलमध्ये नेलं. तेव्हा इकडच्या हॉलमध्ये स्नूकरची ती लांबरुंद टेबलं असायची. काकांनी कोट काढून घडी घातली, भाड्याचा वाकडा क्यू, म्हणजे खेळायची काठी, उचलला आणि पाऊण तास पंचक्रोशीतल्या सगळ्यात नामांकित खेळाडूला खुर्चीतून उठू दिलं नाही. माझी अक्कल तिथेच गहाण पडली.

जुलैमध्ये कारखाना दोन आठवडे बंद असे. माझी जुनी गाडी, माझी थोडी शिल्लक आणि काका, असे आम्ही निघालो. एका गावात सकाळी पोचायचं, दुपारी खेळायचं, संध्याकाळच्या आत गाव सोडायचं. शनिवारी, ज्यूंचा शब्बाथ म्हणून, काका पैशाला हात लावत नसत आणि रविवारी हॉल बंद, म्हणून ते दोन दिवस आम्ही मोटेलमध्ये डबाबंद मासे आणि भात खात बसायचो.

या धंद्यातली खरी विद्या जिंकण्याची नसते, हरण्याची असते. पहिले दोन डाव ताकास तूर लागू न देता हरायचे, समोरच्याने पैज वाढवली की मग खेळायचं. ही विद्या काकांना शिकवावी लागली नाही. वीस वर्षं त्यांनी पगार घेऊन तेच केलं होतं. "मेंबर खूश होऊन घरी गेला पायजे," ते मला सांगायचे. "लांब चुकलं तर त्याला समजतं, हा सोडतोय. बॉल पॉकेटच्या तोंडात जाऊन थरथरला पायजे आणि तिथंच ऱ्हायला पायजे. मग तो म्हणतो, बॅड लक, मार्कर." तो थरथरणारा बॉल मी ओंटॅरिओत डझनभर वेळा पाहिला. प्रत्येक वेळी मला हसू दाबावं लागे.

एक खोड मात्र त्यांना सोडता येईना. समोरच्याने रंगीत बॉल पाडला की काका आपण होऊन पॉकेटपाशी जात, बॉल काढत, रुमालाने पुसत आणि न बघता नेमका त्याच्या जागी ठेवत. स्वतः पाडलेलेही. लोकांना वाटे, हा बिचारा फारच गरीब स्वभावाचा दिसतो. ते पैज आणखी वाढवत. मॉन्ट्रियलला एका फ्रेंच कसायाने तर जाताना काकांना मिठी मारली, तोवर त्याचा आठवड्याचा गल्ला आमच्याकडे आला होता. मॉन्ट्रियल सोडताना आमच्याजवळ हव्या असलेल्या रकमेपैकी निम्मी होती. काका म्हणाले, "आता परत जाऊ. उरलेलं काम करून मिळवीन." मी म्हणालो, "कुठलं काम, काका? हॅलिफॅक्सला बंदर आहे, नेव्ही आहे, खलाशांच्या खिशात कॅश असते. एकच शहर."

हॅलिफॅक्सच्या हॉलमध्ये आम्ही एका मेकॅनिकशी खेळत होतो. भिंतीजवळ एक उंच म्हातारा इंग्रज बसला होता, ब्लेझर घातलेला. काकांनी निळा बॉल पुसून जागेवर ठेवला आणि त्या म्हाताऱ्याचे डोळे बारीक झाले. डाव संपल्यावर तो उठून आला. जहाजावर होता म्हणे, मुंबईत पाच वर्षं काढलेली. त्याने काकांकडे बघितलंच नाही, माझ्याशी बोलला. पाच डाव, सवलत कोणाला नाही, तुमच्याकडे आहे तेवढी सगळी रक्कम. आम्ही जिंकलो असतो तर पैसे पुरे झाले असते.

काकांनी माझी बाही धरली. "इंजिनियरसाहेब, ह्याच्याशी नको. ह्यानं मला वळखलंय."

"ओळखू दे की. आता लपवायचं काय आहे? सरळ खेळा आणि जिंका. ही इज अ‍ॅन ओल्ड मॅन, काका. यू आर मच बेटर."

"ते नाय हो."

ते काय, हे मी विचारलं नाही. मला घाई होती.

दोन डाव त्याने घेतले, दोन काकांनी. पाचव्यात टेबलावर गुलाबी आणि काळा एवढेच उरले. गुलाबी पॉकेटच्या समोर उभा होता, काका पाच गुणांनी पुढे होते, पाळीही त्यांचीच होती; गुलाबी पडला की सामना आमचा. काका वाकले. तेवढ्यात म्हातारा क्यूला खडू घासत, वर न बघता, शांतपणे म्हणाला, "मार्कर, स्कोअर?"

काका ताठ उभे राहिले. टाचा जुळल्या. "फॉर्टी-सेव्हन, फिफ्टी-टू, सर."

मग ते पुन्हा वाकले आणि मारलं. गुलाबी पॉकेटच्या तोंडाशी गेला, थरथरला आणि तिथेच राहिला. म्हाताऱ्याने तो पाडला, मागोमाग काळा पाडला. डाव संपला होता, तरी काकांनी काळा बाहेर काढला, पुसला आणि जागेवर ठेवला. "बॅड लक, मार्कर," म्हातारा म्हणाला. त्याने एक नोट काढून काकांच्या हातात ठेवली, आणि काकांनी ती घेतली.

गाडीत मी तोंडाला येईल ते बोललो. मुद्दाम हरलात, असंही म्हणालो. "मुद्दाम नाय," ते म्हणाले. "मी जिंकायलाच मारला होता. हात आपला आपणच वळला." त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. आजही मला वाटतं, दिला असता तर बरं झालं असतं.

पुढे ते एका बेकरीत पहाटेच्या रोजंदारीला लागले; इमिग्रेशनच्या लेखी ती नोकरी नव्हती. अर्जापुरती शिल्लक जमायला फेब्रुवारी उजाडला. एका रविवारी ते फॉर्म घेऊन माझ्या खोलीत आले, कारण इंग्रजी लिहिणं त्यांना जमत नसे. बायकोचा रकाना भरला. मग त्यांनी मुलीचं नाव सांगितलं, वडिलांचं, आडनाव, सगळं सावकाश. मी लिहिलं. ऑक्टोबर केव्हाच उलटला होता; उपयोग नाही हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"जन्मतारीख नका लिहू," ते म्हणाले. "तेवढी रिकामी ऱ्हाऊ दे."

मी रिकामी ठेवली. तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. त्या एका चौकोनाभोवती लाल पेनाने गोल काढला होता. काका टेबलापाशी येऊन बसले, फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि दिवस, महिना, साल, एकेक करून मला सांगितलं.