काठ धरणारी

शारजाला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कांचीपुरमची एक बाई राहायची. वयानं मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायचे. आमचं बोलणं हिंदीत चालायचं. तिचे वडील विणकर. एकांबरनाथाच्या देवळाजवळ घर, घरातच माग. माझी लग्नातली कांजीवरम तिनं एकदा उलटी करून दाखवली. लाल अंग आणि हिरवा काठ वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवलेले होते.

"इसको कोरवाई बोलते हैं. अकेला आदमी नहीं कर सकता."

तिच्या घरी अंगाचा धोटा अप्पा टाकायचे, काठाचा आई. आई गेली आणि माग थांबला. भावाला त्यात रस नव्हता.

मंदी आली, तसे बिल्डिंगमधले लोक लिफ्टमध्ये एकमेकांची नजर चुकवायला लागले. अक्काच्या नवऱ्याची हमरिया बंदरातली नोकरी गेल्याचं कळलं, तेव्हा काय बोलावं ते मनात जुळवत मी तिच्याकडे गेले. ती बॅगा भरत होती आणि चक्क गुणगुणत होती.

"अप्पांना सांगितलं, आता काठ मी धरते," ती म्हणाली. "फोनवर रडले."

"आय डोन्ट वॉन्ट टू गो, अम्मा," तिची मुलगी म्हणाली. अक्कानं तिला नुसतं जवळ ओढलं. नवरा बाल्कनीत पाठमोरा उभा होता.

ते गेले. आमची नोकरी टिकली. कशी, ते आम्हालाही कळलं नाही. काही महिन्यांनी तिचा फोन आला. अप्पांनी ती यायच्या आधीच मागावर नव्या साडीचा ताणा, उभे धागे, चढवून ठेवला होता. बापलेक शेजारी शेजारी बसले, वीतभर विणून झालं, आणि एका सकाळी अप्पा उठलेच नाहीत.

पुढे सुट्टीत मी कांचीला गेले. तिनं मला देऊळ दाखवलं, दगडी खांबांवरून हात फिरवत सगळ्या कथा सांगितल्या. घरी मागाचा, विणताना पाय सोडून बसायचा खड्डा सिमेंटनं बुजवला होता. त्यावर मुलीचं अभ्यासाचं टेबल होतं.

"ती साडी दुसऱ्या कुणाकडून पुरी करून घ्यायची होतीस," मी म्हटलं.

"शेजारचे तयार होते. मीच नको म्हटलं. हात बदललेला कापडात दिसतो."

"मग तेवढं विणलेलं?"

"त्याच दिवशी कापलं," ती म्हणाली. "अप्पांच्या छातीवर ठेवलं, आणि तसंच त्यांना नेलं."

मुलगी शाळेतून आली, तशी ती भात वाढायला उठली.