कोऱ्या भुकटीतली टेकडी

प्रयोगशाळेत तिला सगळे भट्टीवाली म्हणत. सव्वीस वर्षं एकाच भट्टीशी संसार केल्यावर दुसरं काय म्हणणार! काम तसं सरळ. झिओलाइट नावाच्या पांढऱ्या भुकटीला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात. तिला टोल्युइन या द्रावकाची वाफ पाजायची, मग भट्टीत हळूहळू तापवायचं. भोकांत दडून बसलेली वाफ बाहेर पडली की कागदावरची रेघ वर चढते आणि टेकडी उमटते. "माझ्यापुढे भलेभले पोटातलं ओकतात," असं ती ऐटीत सांगायची.

एका सोमवारी तिने काहीच न पाजलेली कोरी भुकटी तापवली. सपाट रेघ यायला हवी होती. आली टेकडी, तीही टोल्युइनचीच.

"बाटली नीट धुतली नव्हती तुम्ही," साहेब म्हणाले.

हे तिला झोंबलं. ज्यांना स्वतःचा कप धड विसळता येत नाही, त्यांनी हे बोलावं! तिने ताज्या भुकटीच्या चार उघड्या बाटल्या मांडल्या: एक कोठारात, एक जिन्यात, दोन जेवणाच्या खोलीत. तीन कोऱ्या निघाल्या. चौथी जेवताना तिच्या कोपराजवळ होती. तिच्यात टेकडी होती. म्हणजे ही वाफ तिच्याच अंगातून येत होती.

घरी दहा महिन्यांची नात होती, आजीच्या खांद्याशिवाय न झोपणारी. पोरीच्या अंगात हे भिनू नये, एवढंच आता तिला हवं होतं. कामाचे कपडे तिने कामावरच ठेवले, केस दोनदा धुतले, सर्दीचं निमित्त काढून बहिणीकडे राहायला गेली. जाताना लेकीच्या हातात कोऱ्या भुकटीची एक बाटली दिली. "पाळण्यावरच्या फळीवर उघडी राहू दे. दमटपणा शोषते."

आठवड्याने ती बाटली मागवून तिने तापवली. बराच वेळ रेघ निपचित पडून होती. मग सावकाश वर चढू लागली. टेकडी टोल्युइनचीच होती.

तिने लेकीला फोन लावला. "पाळण्यात माझी शाल राहिलीय का गं?"

"शाल तूच नेलीस ना? तुझं काहीसुद्धा नाही इथे."

संध्याकाळी ती घरी गेली.

"आलीस एकदाची!" लेक म्हणाली. "हिने आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं."

नातीने हात पसरले. भट्टीवालीने तिच्या टाळूशी नाक नेलं. काहीच वास आला नाही. टोल्युइनचा वास तिच्या नाकाला कित्येक वर्षांत आलाच नव्हता.

"हिला कसला वास येतो गं?" तिने घाबरत विचारलं.

"तुझाच की!" लेक हसली. "तू नव्हतीस ना, तर मीसुद्धा हिच्या डोक्यात नाक खुपसूनच झोपत होते."

नात रडायला लागली. भट्टीवालीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.